वाणीची परीक्षा कागदावर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या खानदेशात दोन कामांची एकदमच घाई उडते. शिवारात कपाशीची लागवड सुरू होते, आणि जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ येथील महाविद्यालयांच्या दारांशी प्रवेशासाठी मुलामुलींची रीघ लागते. पहिल्या कामात शेतकरी बियाण्याची पिशवी दहा वेळा उलटसुलट करून पाहतो. दुसऱ्या कामात मात्र आपल्या मुलाच्या पदरात तीन-चार वर्षांत नेमके काय पडणार आहे ह्याची चौकशी करणारा पालक विरळाच. शुल्क किती, वसतिगृह मिळेल की नाही, पुढे नोकरी लागेल की नाही, एवढे विचारून तो घरी परततो. आज आम्ही ह्या पालकांस, आणि त्यांच्याहूनही अधिक महाविद्यालयांच्या चालकांस, एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. पदवी हाती घेऊन बाहेर पडणारा तुमचा विद्यार्थी चार माणसांसमोर उभा राहून आपले म्हणणे पाच मिनिटे नीट सांगू शकेल काय?

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि त्यापाठोपाठ पदवीच्या अभ्यासक्रमाची श्रेयांकांवर आधारलेली नवी मांडणी आली. तीत मुख्य विषयांच्या जोडीस ‘क्षमतावर्धन’ आणि ‘कौशल्यवर्धन’ अशा नावांचे अभ्यासक्रम घातले आहेत, आणि विद्यार्थ्याने आपला विचार स्पष्टपणे व सुसंगतपणे मांडण्यास शिकावे, हा त्यांतील भाषाविषयक अभ्यासक्रमांचा एक उघड हेतू आहे. म्हणजे आजवर जी गोष्ट गॅदरिंगच्या आठवड्यात, हौस म्हणून, चार-पाच विद्यार्थ्यांपुरती होत असे, तिला आता वेळापत्रकात जागा मिळाली आहे. वाणिज्याचा असो, विज्ञानाचा असो, की कलाशाखेचा असो, विद्यार्थ्यास बोलता आले पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. ह्याबद्दल आम्हांस आनंद वाटतो. परंतु तत्त्व मान्य होणे आणि ते अंमलात येणे ह्यांच्यामध्ये आमच्या देशात नेहमीच एक रुंद नदी वाहत असते, आणि पूल बांधण्याचे काम कोणाचे, ह्याविषयी दोन्ही तीरांवर मौन असते.

जेथे जेथे हा विषय इतर विषयांसारखाच शिकवला व तपासला जातो, तेथे काय घडते ते पाहा. अध्यापक फळ्यावर भाषणाचे प्रकार लिहितात. विद्यार्थी ते वहीत उतरून घेतात. उत्तम वक्त्याचे गुण कोणते, आवाजातील चढउतार म्हणजे काय, श्रोत्यांचे वर्गीकरण कसे करावे, ह्यांची टिपणे बाजारात मिळतात. सत्राच्या अखेरीस प्रश्नपत्रिका येते: ‘भाषणकौशल्याचे महत्त्व विशद करा.’ विद्यार्थी मान खाली घालून दोन तास लिहितो, उत्तीर्ण होतो आणि घरी जातो. साऱ्या सत्रात त्याने एकदाही उभे राहून तोंड उघडले नाही, तरी वक्तृत्वात तो पास! जळगावची सराफी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे. तेथील कोणत्याही पेढीवर जाऊन विचारावे, की सोन्यावर लिहिलेला निबंध वाचून तुम्ही सोन्याचा भाव ठरवता काय? सराफ हसेल आणि कसोटीचा दगड पुढे करील. वाणीचा कसोटीचा दगड म्हणजे श्रोत्यांनी भरलेली खोली. तो दगड न लावता दिलेले गुण म्हणजे शुद्धतेच्या परीक्षेवाचून मारलेला छाप होय.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेबाची भाषा अधिक जवळची, म्हणून हाच मुद्दा आकड्यांत मांडतो. एक श्रेयांक व्याख्यानरूपाने शिकवायचा तर त्याचे १५ तास धरतात. प्रात्यक्षिकरूपाने शिकवायचा तर ३० तास. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम व्याख्यानरूपाने घेतला तर हाती ३० तास, म्हणजे १,८०० मिनिटे आली. वर्गात ६० विद्यार्थी असले आणि अध्यापकांनी सबंध सत्रात एक अक्षरही उच्चारले नाही, तरी एकेका विद्यार्थ्याच्या वाट्यास ३० मिनिटे येतात. अध्यापकांनी निम्मा वेळ घेतला तर १५ मिनिटे उरतात. वर्ग १२० चा असला तर साडेसात! साडेसात मिनिटांत सायकल चालवण्यास कोणी शिकले आहे काय? आता तोच अभ्यासक्रम प्रात्यक्षिकरूपाने आणि वीस-वीसांच्या तुकड्या करून घ्या. एका तुकडीस ६० तास, म्हणजे ३,६०० मिनिटे मिळतात. त्यांतील निम्मी अध्यापकांच्या मार्गदर्शनास व इतरांच्या प्रश्नांस दिली, तरी प्रत्येकास ९० मिनिटे उरतात. पाच-पाच मिनिटांची भाषणे धरली तर एक मुलगा किंवा मुलगी एका सत्रात अठरा वेळा उभी राहील. पहिल्या वेळी तिचे पाय लटपटतील, तिसऱ्या वेळी घसा कोरडा पडेल, सातव्या वेळी ती श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहू लागेल, आणि अठराव्या वेळी आपण उभे आहोत ही गोष्टच ती विसरून जाईल. हा सारा फरक वेळापत्रकाच्या एका ओळीचा आहे.

ह्यावर पहिला आक्षेप असा येईल की, वक्तृत्व ही ईश्वरी देणगी आहे, ते शिकवून येत नाही. ह्या आक्षेपात आळसाचा अंश मोठा आहे. अथेन्सचा डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून उच्चार सुधारीत असे, ही ग्रीक लोकांची परंपरागत कथा आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या लोकांनी जगास वक्तृत्व शिकवले ते लोक त्यास मेहनतीची विद्या मानीत होते, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. पण इतक्या दूर तरी कशास जावे? आमचा नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो, उत्तररंगात आख्यान लावून तोच सिद्धान्त श्रोत्यांच्या मनात उतरवतो, आणि हे तो गुरूजवळ राहून वर्षानुवर्षे शिकतो. गाडगेबाबांस शाळेचे शिक्षण नव्हते. पण समोरच्या हजारोंच्या समुदायास प्रश्नामागून प्रश्न विचारून, त्याच्याच तोंडून उत्तरे काढून, कर्ज काढून सण करणे व देवापुढे बकरे कापणे ह्यांतील मूर्खपणा त्यांनी त्याच्याच पदरात घातला. ही प्रश्नोत्तरांची रीत कोणत्याही वर्गात शिकता येण्यासारखी आहे.

शिक्षणाचा आणि भाषणाचा संबंध आमच्या प्रांतात नवाही नाही. १८४८ साली मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थी ह्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तेथे निबंध वाचावे, त्यांवर वाद करावा, एवढाच प्रथम उद्देश होता. पण बोलता बोलता ह्या तरुणांस स्वतःच्या बोलण्याची लाज वाटू लागली असावी. कारण दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यांनी मराठी व गुजराती मुलींच्या शाळा उघडल्या आणि त्यांत ते स्वतः विनामूल्य शिकवू लागले. दादाभाई नवरोजी त्यांच्यापैकीच एक. पुढे १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या सभेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी शंभर वर्षांमागे मराठीत ‘वक्तृत्वशास्त्र’ ह्या नावाचा ग्रंथ लिहिला. देणगी म्हणून जे मिळते त्यावर कोणी शास्त्र लिहीत नाही. विलायतेतही केंब्रिजची वादसभा १८१५ मध्ये व ऑक्सफर्डची १८२३ मध्ये निघाली. अमेरिकेत १९२४ साली निघालेल्या ‘टोस्टमास्टर्स’ मंडळात तर सामान्य कारकून व दुकानदार एकमेकांसमोर बोलून एकमेकांस शिकवू लागले. तात्पर्य, ज्या ज्या समाजाने माणसास बोलते करण्याची व्यवस्था केली, त्यास बोलणारी माणसे मिळाली.

आणि खानदेशाने तर ह्या बाबतीत बाहेर पाहण्याचेही कारण नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे बंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या काळात दर रविवारी त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर एकेक प्रवचन केले. अठरा अध्याय, अठरा प्रवचने. समोर पदवीधर होते तसे साधे शेतकरीही होते, आणि जमनालाल बजाज ह्यांच्यासारखे व्यापारीही होते. त्या भिंतींच्या आत टाळ्या नव्हत्या, बक्षिसे नव्हती, वर्तमानपत्रांचे बातमीदार नव्हते. बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही होते आणि ऐकणाऱ्यांस ते हवे होते, एवढीच सामग्री. ते बोलणे सानेगुरुजींनी तेथल्या तेथे लिहून घेतले, आणि त्यातून ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ झाला, जो आज भारताच्या बहुतेक भाषांतून वाचला जातो. वक्तृत्वाच्या कोणत्याही वर्गाने ह्या प्रसंगापासून दोन धडे घ्यावे. पहिला असा की, समोर पंडित व अडाणी एकत्र बसले असता दोघांसही कळेल असे बोलणे, हीच वक्त्याची परमावधी आहे. दुसरा असा की, उत्तम ऐकणारा नसता तर उत्तम बोललेले सारे रविवारच्या वाऱ्याबरोबर उडून गेले असते. ऐकणे हीही एक विद्या आहे, आणि तिचे गुण कोणत्याही प्रगतिपुस्तकात आम्ही पाहिलेले नाहीत.

तेच सानेगुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषणास बसण्यापूर्वी त्यांनी महिनोगणती महाराष्ट्राचा दौरा केला आणि गावोगाव सभांतून त्या अन्यायाविषयी लोकांचे मन वळवले. उपोषणाचे तेज मोठे खरे. पण ते पेटण्यापूर्वी महाराष्ट्राची भूमी भाषणांनी तापवून ठेवलेली होती, हे विसरता कामा नये. हे वक्तृत्व शाळेतील एका गरीब मास्तराचे होते. ते कोणत्या चषकासाठी कमावलेले नव्हते.

चषकाचा उल्लेख आला म्हणून वक्तृत्वस्पर्धांविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. स्पर्धा वाईट नाहीत. त्यांतून कित्येकांस प्रथम व्यासपीठ मिळाले. परंतु आज त्यांचे जे स्वरूप कित्येक ठिकाणी झाले आहे ते कोणाही वाचकाने पाहिले असेल. तेच सात-आठ स्पर्धक गावोगाव फिरतात. एकच पाठ केलेले भाषण, विषयाचे नाव तेवढे बदलून, सर्वत्र म्हणतात. आरंभी एक शेर, मध्ये दोन थोर पुरुषांची नावे, शेवटी मूठ आवळून मोठा आवाज. परीक्षक घड्याळाकडे पाहतात, घंटा वाजते, टाळ्या होतात. मध्येच एखाद्याने उठून ‘आपण म्हणालात त्यास आधार काय?’ असे विचारले, तर तो बिचारा स्पर्धक भांबावून जाईल, कारण ही घटना पाठांतरात नसते. आणि महाविद्यालयातील उरलेले शेकडो विद्यार्थी? ते टाळ्या वाजवण्यापुरते. शंभरांतील दोघांस पहिलवान करावे आणि अठ्ठ्याण्णवांस चालताही येऊ नये, ह्यास कोणी आरोग्य म्हणणार नाही. अभ्यासक्रमाचे काम अठ्ठ्याण्णवांसाठी आहे.

ह्या अठ्ठ्याण्णवांच्या तोंडास कुलूप कोणी घातले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना आपणां शहरवासीयांस मान खाली घालावी लागेल. साक्री, शिंदखेडा, पारोळा, चोपडा, यावल ह्या तालुक्यांतील गावांतून येणारा मुलगा घरी अहिराणी बोलतो, लेवा बोली बोलतो, पावरी किंवा भिलाऊ बोलतो. शेतात, बाजारात, लग्नाच्या मांडवात तो घटकाभर थांबत नाही, इतका बोलका असतो. तोच महाविद्यालयाच्या वर्गात मुका होतो. कारण पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडून गावचा एखादा शब्द गेला आणि मागच्या बाकावरून हसू आले. त्या एका हसण्याने किती बुद्धी कायमची गप्प केली असेल ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे लोक १८ लाखांहून अधिक होते. अठरा लाखांची भाषा हसण्याचा विषय असेल, तर हसणाऱ्यांच्याच शिक्षणात काही उणे आहे.

आणि ह्यातील विपर्यास असा की, विद्यापीठाने २०१८ पासून जिचे नाव अभिमानाने धारण केले आहे, ती आसोद्याची बहिणाबाई कोणती भाषा बोलत होती? १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण जात्यावर, शेतात, चुलीपुढे आपल्या बोलीत गाणी रचीत गेली. १९५१ मध्ये ती वारली, आणि पुढल्याच वर्षी आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तोंडात बोट घातले. तिला एखाद्या वर्गात उभी करून कोणी आधी प्रमाण मराठीची अट घातली असती, तर महाराष्ट्र एका कवयित्रीस मुकला असता. आमचे म्हणणे असे नाही की प्रमाण मराठी शिकवू नये. ती अवश्य शिकवावी, इंग्रजीही शिकवावी, कचेरीत, न्यायालयात, मोठ्या बाजारात त्यांवाचून चालत नाही. पण क्रम उलटा करू नका. आधी मुलास त्याच्या बोलीत उभे राहू द्या. भीती गेली की भाषा सुधारते. भीती असता सुधारलेली भाषाही घशातच अडकते. पहिली चार भाषणे घरच्या बोलीत, पुढली प्रमाण मराठीत आणि शेवटली काही इंग्रजीत, असा क्रम ठेवण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे?

मुलींच्या बाबतीत कुलूप दुहेरी आहे. ‘हळू बोल’, ‘मोठ्यांसमोर बोलू नये’, ‘पोरीच्या जातीने इतके बोलावे काय’, हे संस्कार आमच्या घरांतून अद्याप गेलेले नाहीत, आणि ते शेतकऱ्याच्या घरात जितके आहेत तितकेच पेढीवाल्याच्याही घरात आहेत. १८८२ साली पुण्यास हंटर कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर हवेत हे ठासून सांगितले; सरकारास ती साक्ष इंग्रजीत उतरवून घ्यावी लागली. त्या वेळी केंब्रिज व ऑक्सफर्ड येथील प्रख्यात वादसभांची दारे स्त्रियांस बंद होती, आणि ती १९६३ पर्यंत बंदच राहिली. म्हणजे ह्या एका गोष्टीत तरी आमच्या ब्राह्मण विधवेने विलायतेस ऐंशी वर्षांची आघाडी दिली होती. त्या आघाडीचे आम्ही काय केले?

हा प्रश्न शोभेचा नाही. १९९३ पासून घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांस एक-तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आज आमच्या महाविद्यालयांत बसलेल्या मुलींतील कित्येक उद्या पंचायतीच्या सदस्य होतील, कित्येक सरपंच होतील. खुर्ची त्यांची असेल. पण ग्रामसभेत उठून उत्तर कोण देईल? पत्नी सरपंच आणि कारभार पतीच्या तोंडून, हा देखावा नवा नाही, आणि त्यास लोकांनी ‘सरपंचपती’ हे नावही देऊन टाकले आहे. कायद्याने जागा देता येते, वाचा देता येत नाही. ती शाळेत व महाविद्यालयातच मिळाली पाहिजे. जळगावच्याच मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी, जळगावातून विधानसभेवर निवडून गेल्या आणि २००७ साली ह्या देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. हे उदाहरण आम्ही कौतुकासाठी देत नाही. एक जाऊ शकली, तर शंभर का थांबल्या, हे विचारण्यासाठी देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणतील, ‘बोलणारे आधीच फार झाले आहेत, करणारे हवेत.’ ह्या उद्गारामागची चीड आम्ही समजतो. निवडणुकीच्या दिवसांत ध्वनिक्षेपकांनी कान किटतात. आश्वासनांचे पीक येते आणि वाऱ्यावर उडून जाते. द्वेष पसरवणारी जीभ सत्य सांगणाऱ्या जिभेपेक्षा चुरचुरीत असते. परंतु ह्यावर उपाय म्हणून सज्जनांनी मुके राहावे, असे सुचवणारा मनुष्य चोराच्या भीतीने दिवे मालवण्याचा सल्ला देतो. पोकळ वक्त्याचे पीक ज्या जमिनीत येते, ती जमीन म्हणजे प्रश्न न विचारणारा श्रोता. ज्याने स्वतः पाच मिनिटांचे भाषण तयार करताना आकडे शोधले आहेत, आधार पारखला आहे, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याचे खंडन केले आहे, त्यास व्यासपीठावरून कोणी सहज फसवू शकत नाही. म्हणून ह्या वर्गांत दर भाषणानंतर प्रश्न झालेच पाहिजेत, आणि ‘ह्याचे उत्तर मला ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणण्याचे धैर्य ज्याने दाखवले त्यास त्याबद्दल गुण मिळाले पाहिजेत. असे उत्तर देणारा एक तरुण, मूठ आवळून ओरडणाऱ्या दहांपेक्षा लोकशाहीस अधिक उपयोगी आहे.

तिसरा आक्षेप चालकांचा: तुकड्या पाडल्या तर अध्यापक कोठून आणावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. साठांचा एक वर्ग ३० तास चालवण्याऐवजी वीसांच्या तीन तुकड्या ६०-६० तास चालवायच्या म्हणजे ३० तासांचे काम १८० तासांवर जाते. आधीच कित्येक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील अल्पवेतनी अध्यापकांच्या खांद्यावर चालला आहे. त्यांच्यावर हे ओझे फुकट लादणे हा अन्याय होईल. सरकारने रिक्त जागा भराव्या, ही मागणी आम्ही करतोच. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. वर्गाचे गट पाडून, एक गट अध्यापकांपुढे असता इतरांनी आपसांत सराव करावा, आणि गटप्रमुखांनी ठरलेल्या पाच-सहा कसोट्यांवर टाचण ठेवावे, ही व्यवस्था अगदी अल्प खर्चात होते. शिवाय गावात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, कीर्तनकार आहेत, नाटकमंडळींतील जुने नट आहेत. त्यांस आठवड्यातून एक तास मागितला तर नाही म्हणणारे थोडे निघतील.

येथे आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही विशेष हाक घालतो. जळगावच्या पेठेत गुजराती बंधूंची एक म्हण नित्य ऐकू येते: ‘बोले तेनां बोर वेचाय’, जो बोलतो त्याची बोरेही विकली जातात. ही म्हण आपण दुकानात पाळतो आणि मुलांच्या शिक्षणात विसरतो. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला; पण त्या केळीचे गुण परदेशी खरेदीदारास सांगणारा, भावाच्या वाटाघाटीत आपली बाजू आकड्यांनिशी मांडणारा, बँकेच्या अधिकाऱ्यापुढे न कचरता बोलणारा तरुण कोठून येणार? तो ह्याच वर्गांतून येणार. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यास एकमेकांस भेटतात. माल चारी दिशांस जातो. माणसांची वाणीही तितक्याच दूर पोहोचावी, अशी इच्छा धरणे गैर नाही. तेव्हा व्यापारी मंडळांनी वक्तृत्वाच्या चषकांवर रुपये खर्च करण्याऐवजी महिन्यातून एक सायंकाळ आपली सभागृहे विद्यार्थ्यांस द्यावी, आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर हार घालून न बसता श्रोत्यांच्या सतरंजीवर बसून त्यांचे ऐकावे. पांझरेचे पात्र स्वच्छ कसे राहील, मेहरूण तलावाभोवतीची झाडे कशी टिकतील, पीकविम्याची रक्कम वेळेवर का मिळत नाही, हुंडा बंद होऊनही लग्नाचा खर्च का वाढतो, हे विषय त्यांस द्यावे. ‘माझे आवडते पुस्तक’ ह्या विषयावर फार भाषणे झाली.

असो. आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्या कोणाच्याही आवाक्याबाहेरच्या नाहीत. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी भाषणाचा अभ्यासक्रम प्रात्यक्षिक म्हणून धरावा आणि त्याची लेखी परीक्षा सर्वथा बंद करावी. दर विद्यार्थी सत्रात निदान दहा वेळा बोलला, अशी नोंद असल्यावाचून श्रेयांक देऊ नये. गुण देताना अर्धे बोलण्यास, पाव ऐकून प्रश्न विचारण्यास आणि पाव प्रश्नांस उत्तर देण्यास द्यावे. आरंभीची भाषणे विद्यार्थ्याच्या घरच्या बोलीत होऊ द्यावी, आणि बोलीस हसणाऱ्यास वर्गातच समज द्यावी. मुलींच्या तुकड्या वेगळ्या काढून त्यांस संरक्षित कोपऱ्यात बसवू नये. उद्याच्या ग्रामसभेत समोर पुरुष असणार आहेत, तर आज वर्गातही असू द्यावे, फक्त पाळी समान असावी. आणि पालकांनी घरी एवढेच करावे, की जेवणाच्या वेळी मुलगी काही सांगू लागली तर तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे.

ही शेवटली मागणी सर्वांत सोपी दिसते, आणि आमच्या मते तीच सर्वांत कठीण आहे. विद्यापीठाचा ठराव होण्यास वर्ष लागेल. पण एखाद्या घरातील वडीलधाऱ्याने आज रात्री घास हातात धरून दोन मिनिटे गप्प बसावे, ह्यास कोणाच्या मंजुरीची जरुरी नाही. अमळनेरास २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्यसंमेलन भरले, त्याच वर्षी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आम्ही सर्वांनी आनंद केला. भाषेचा खरा दर्जा मात्र तिच्यात किती माणसे निर्भयपणे बोलू शकतात, ह्यावरून ठरतो. तो वाढवण्याचे काम दिल्लीत होण्यासारखे नाही. ते जळगावच्या वर्गखोल्यांत, धुळ्याच्या सभागृहांत आणि वाचकहो, तुमच्या आमच्या स्वयंपाकघरांत होणार आहे.